पीळ पडलेली नळी

१६ जानेवारी १९६८, मंगळवार

मे महिन्यानंतर वही आज उघडली. आठ महिने. माझ्याशिवाय ही कोणी वाचत नाही, तेव्हा माफी तरी कोणाची मागायची. पण कोरी पानं उलटताना ओशाळल्यासारखं झालं खरं. लिहायला वेळ नव्हता असं नाही. नोकरी सोडून गॅरेज काढल्याला सात वर्षं होतील, आणि रोज तेच लिहायचं, पाने, नटं, ग्रीस, याचा कंटाळा आला होता. आजचं मात्र लिहून ठेवावंसं वाटतं.

दुपारी वेसाव्याच्या हिराबाई गाडी घेऊन आल्या. गाडी एकट्या त्यांची नाही, अकरा कोळणींची मिळून आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेल्या ट्रकांपैकी, मागे ताडपत्री. पहाटे मासळी आणि बायका घेऊन अंधेरीच्या बाजारात, तिथून काही जणींना जोगेश्वरीला, काहींना वाकोल्याला. हाकतो हिराबाईंचा धाकटा दीर ढाकू.

तक्रार काय, तर ढाकूच्या शब्दांत, "ब्रेक मारला का टोपल्या पुढं, आनी गाडी बी पुढं."

खाली शिरून पाहिलं. चाकांकडे ब्रेकचं तेल नेणारे तिन्ही रबरी होज फुगलेले. बोटाने दाबले तर चहात बुडवलेल्या पावासारखे. आणि वास माशाचा.

"मुशीचं तेल हाय," ढाकू अभिमानाने म्हणाला. "होरीला लावतंव, तसं हिला बी लावलं. खालून समदं. गंज नाय लागाचा."

"रबरालाही?"

"रबराला कशाला सोडायचं?"

शिवाय रोज बाजार आटोपला की किनाऱ्यावर नेऊन समुद्राच्या पाण्याने धुतो. होडी धुतात तशी. भिकूमामा हसता हसता खालीच बसले. (मामा माझे कोणी नव्हेत. गिरणीत फिटर होते, आता माझ्याकडे. साऱ्या गल्लीचे मामा.) "अनंता, ह्यांनी गाडीची होडी केली रे!"

मीही हसलो. मग नटं पाहिली आणि हसू गेलं. होज बदलणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. पण होज जिथे लोखंडी नळीला जोडतो तिथलं नट खाऱ्या पाण्याने नळीशी एकजीव झालंय. आणि या गाडीत चारही चाकांना तेलाचा एकच रस्ता. एका जागी फुटला की सगळे ब्रेक गेले. हँडब्रेक नावापुरता.

हिराबाईंना चार दिवस सांगितले. त्या म्हणाल्या, "बुधवार गेला माजा. शुक्रवार नाय जाव देनार." बुधवार, शुक्रवार, रविवार हेच मासळीच्या मोठ्या खपाचे दिवस. बरं म्हणालो.

का म्हणालो?

१७ जानेवारी, बुधवार

नटं रात्रभर रॉकेलमध्ये भिजलेली. सकाळी पुढचं उजवं घेतलं. मी नटाला पाना लावणार तोच मामांनी हात धरला.

"नटाक हात लावू नको. नट फिरलो की नळी फिरात. होज तसोय फेकूचोच आसा, तो काप. नट घट्ट धरून ठेव आणि होजाचा तोंड फिरव."

किती साधं. जे टाकून द्यायचं तेच फिरवायचं, जे राखायचं ते हलू द्यायचं नाही. मी शास्त्राचा पदवीधर, मला सुचलं नव्हतं.

तरी तीन तास लागले. थोडं सोडवायचं, पुन्हा थोडं आवळायचं, हातोडीने हलके टोले, पुन्हा रॉकेल. नट धरून माझा अंगठा बधिर झाला. मामा होजचं तोंड फिरवताना तोंडाने सारखे पुटपुटत होते, गाय दोहताना बोलतात तसं. अखेर सुटलं. नळी जशीच्या तशी. पुढचं डावं संध्याकाळपर्यंत झालं.

मागचं उद्या. तेच सगळ्यांत वाईट. टोपल्यांतलं बर्फाचं पाणी बरोबर तिथेच गळतं.

मामा उद्या येणार नाहीत. वाकोल्याला पुतणीला बघायला पाहुणे येणार. म्हणाले, मागचा माझ्यासाठी ठेव. ठेवतो म्हणालो.

१८ जानेवारी, गुरुवार

ठेवलं नाही.

सरळ लिहितो. हिराबाई दहा वाजल्यापासून दारात उभ्या होत्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. अकराला होज कापला. एका हाताने नट धरून दुसऱ्याने तोंड फिरवायचं, तर गाडीखाली दोन हातांची जागा पुरेना. हे काम दोघांचं आहे. एकट्याने तासभर झटलो. मग वाटलं, नटच जरा हलवून बघावं, अगदी जरा.

नट फिरलं. इतक्या सहज फिरलं की मला आनंद झाला. तो आनंद किती टिकला ते आठवतंय. पाव फेरा. मग दिसलं की नटाबरोबर नळी फिरतेय. नटापासून चार बोटांवर पीळ पडला होता, ओला कपडा पिळावा तसा.

मी थांबलो. नट उलटं फिरवून परत जागेवर आणलं. पीळ गेला. म्हणजे दिसेनासा झाला. त्यानंतर, देव जाणे कसं, पण होजचं तोंड सुटलं. नवीन होज बसवला, तेल भरलं, हवा काढली. पेडलवर पूर्ण वजन टाकून उभा राहिलो. थेंब नाही. पुन्हा उभा राहिलो. थेंब नाही.

ढाकूला म्हणालो, यापुढे तेल रबराला लावायचं नाही, आणि खारं पाणी बंद. त्याने मान हलवली. हिराबाई म्हणाल्या, "झाली ना चांगली?"

"झाली."

नळीचं सांगितलं नाही. विसरलो नव्हतो. गाडी चालू झाल्यावर त्या पहिल्यांदा हसल्या, आणि तेवढ्या वेळात सांगायचं राहून गेलं, असं लिहिणार होतो. ते खरं नाही. मी त्या हसण्याआधीच ठरवलं होतं.

१९ जानेवारी, शुक्रवार

पहाटे जाग आली. आता गाडी निघाली असेल.

आठ वाजता काहीतरी निमित्त काढून बाजाराकडे गेलो. गाडी उभी होती. बायका खाली उतरून मासळीच्या पाट्या लावत होत्या. ढाकू बिडी ओढत होता.

"पेडल कसं आहे?"

"झकास! बोट लावलं का थांबते."

खाली वाकून पाहायचं होतं. वाकलो असतो तर का म्हणून विचारलं असतं. वाकलो नाही. वाकोल्याकडे गाडी निघाली तेव्हा मागे सहा जणी, पाय बाहेर सोडून, कोणीतरी कोणाची तरी नक्कल करत होती, सगळ्या खिदळत होत्या. तिकडचा उतार मला माहीत आहे. खाली शाळा आहे.

दिवसभर काम सुचलं नाही. मामांनी दुपारी येऊन विचारलं, "मागचा कसा झाला?" म्हटलं, झालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विषय बदलला. पुतणीला पाहुण्यांनी पसंत केलं म्हणे.

बायकोने, सुमतीने, रात्री जेवताना विचारलं, भाजी खारट आहे का. मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "मीठच घातलेलं नाही."

२० जानेवारी, शनिवार

मामांना सांगितलं. सगळं.

त्यांनी हात पुसून फडकं खाली ठेवलं. मग, "माझ्यासाठी ठेव म्हटलंय ना रे मी?"

"हो."

"मगे? बीएस्सी झालंस ता ह्याच्यासाठी?"

मामांनीच भंगारातून तशीच जुनी नळी काढली. तिचे चार तुकडे केले, शिकंज्यात धरून एकेकाला पाव फेरा पीळ दिला, परत सरळ केलं. भिंगातून पाहिलं. पहिल्यावर काही नाही. दुसऱ्यावर काही नाही. तिसऱ्यावर केसाएवढी रेघ. चौथ्यावर काही नाही. तिसरा तुकडा जरा वाकवला तर कट्‌ करून गेला. बाकीचे तीन वाकले, तुटले नाहीत.

यातून काय कळलं? काहीच नाही. बहुधा धड आहे. बहुधा. या एका शब्दावर अकरा बायका रोज ये-जा करताहेत.

"गाडी परत बोलाव," मामा म्हणाले. "आज. उद्या रविवार, दुप्पट वजन."

"रविवार बुडाला तर हिराबाई..."

"त्येंका ठरवू दे मा ता. तू कित्याक ठरवतंस?"

चार वाजता वेसाव्याला निघालो. बसमधून उतरलो. वाळूवर बांबूंच्या ओळी, त्यांवर बोंबील टांगलेले. हिराबाईंचं घर त्यांच्या पलीकडे. मी त्या ओळींच्या कडेकडेने दोनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. एक म्हातारी म्हणाली, "कोन पायजे रे तुना?" मी म्हणालो, "कोणी नाही. फिरायला आलोय." परतीच्या बसला रांग नव्हती.

हे वाचून मलाच माझा राग येतो. पण तरीही लिहून ठेवतो.

२१ जानेवारी, रविवार

साडेसहालाच बाजारात जाऊन उभा राहिलो. गाडी सात वाजता आली. ती वळणावर दिसेपर्यंतचा अर्धा तास मी पुन्हा आयुष्यात घेणार नाही.

बायका उतरायच्या आत मी मागच्या चाकाशी आडवा झालो आणि खाली शिरलो. सगळ्या जणी जमल्या.

"आग बाय! ह्यो बघ, गाडीखाली निजला!"

"बायकोनी हाकलला वाटतं."

"उठ रे दादूस, कपडं वास मारतील, मंग घरात कोन घेनार?"

बॅटरी मारली. नटाखाली ओल होती. पीळ पडलेल्या जागी ओल, आणि एक थेंब लोंबत होता. बोटाने टिपला. बुळबुळीत. जिभेला लावला. खारट. ब्रेकचं तेल खारट नसतं. पण खाऱ्या पाण्यात मिसळलेलं ब्रेकचं तेल कसं लागतं, मला माहीत नाही.

"ढाकू, गाडी धुतलीस?"

"सकाली. थोडीच. रविवार हाय ना."

"आणि तेल?"

"रबर सोडून! तू बोल्लास तसं. खाली लोखंडाला लावलं."

म्हणजे पाणी त्याचं, तेलही त्याचं असू शकतं. किंवा माझं. गाडीच्या टाकीतलं ब्रेकचं तेल पाहिलं, पातळी उतरली होती किंचित. हवा निघाल्यानंतर किंचित उतरतेच. मला काहीही कळण्याचा मार्ग उरला नव्हता.

बाहेर आलो. "हिराबाई, ही गाडी इथून चालवू नका."

सगळ्यांच्या समोर सांगितलं. नट, पाव फेरा, पीळ, परत सरळ केलं ते. चेष्टा थांबली. कोणीतरी एक पाटी खाली ठेवल्याचा आवाज ऐकू आला.

हिराबाईंनी विचारलं, "बेस्तरवारी तुना म्हाईत होतं?"

"हो."

"आनी आमी शुक्रवारी बसलो. शनवारी बसलो. आज बसलो."

"हो."

"मी दारात उभी होती म्हनून घाई झाली, असं बोल ना."

"तसं नाही."

"मंग कसं?"

ढाकू पुढे आला, लाल होऊन. "वयनी, ती वल पान्याची हाय! मीच धुतली! ब्रेक लोखंडावानी कडक हाय, ह्यो उगाच घाबरवतो, रविवार बुडवतो!"

"चावी दे त्याला."

"वयनी..."

"चावी दे बोल्ले ना."

दिली. त्यांच्या पाट्या दोन हातगाड्यांवर गेल्या, जोगेश्वरी-वाकोल्याच्या बायकांनी तिथेच बाजाराच्या तोंडाशी, दुसऱ्यांच्या जागेत, भांडत भांडत बसून घेतलं. त्यांच्या रविवारच्या धंद्याचं काय व्हायचं ते झालंच.

बाजार उठल्यावर गाडी गॅरेजपर्यंत आणायची कशी? चालवायची नाही म्हणालो होतो ना. मी स्टिअरिंगशी, हँडब्रेक हातात, आणि मागून बायका ढकलताहेत. अर्धा मैल. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. मागून आवाज, "शिकलेला डायवर मिलाला गं आमाला!" "हळू ढकला, वरनभाताचं जेवन हाय त्याचं!" हसत होत्या, पण शुक्रवारसारखं नाही. हिराबाई ढकलत नव्हत्या. बाजूने चालत होत्या, माझ्या खिडकीशी, गॅरेजपर्यंत.

मग एवढंच म्हणाल्या, "या बायांना तुज्याकडं मीच आनलं. फुटली हाय का नाय, मना नक्की सांग. त्यांना मी सांगनार."

सांगतो म्हणालो.

२२ जानेवारी, सोमवार

ती नळी आज उतरवली. म्हणजे उतरवायची होती.

मामा आणि मी, दोघे. पहाटेपासून रॉकेल, मग ऊब. मामांनी नट धरलं, मी होजचं तोंड फिरवलं, अगदी बुधवारसारखं. होज सुटला. म्हटलं, आता नळी सबंध काढून भिंगाखाली धरायची, मग कळेल. मी तिच्या पुढच्या पकडीचा स्क्रू सोडला, नळी किंचित खाली आली, तिच्याच वजनाने, आणि हातात दोन तुकडे. बरोबर पीळ पडला होता तिथे.

"गेली," मामा म्हणाले.

आधी गेली होती, की आता गेली? मी उजेडात नेऊन तुटलेलं तोंड पाहिलं. जुनी चीर असती तर काळवंडली असती, ताजी तुटली असेल तर चकचकीत हवी. बहुतेक सगळी चकचकीत आहे. एका कडेला नखाएवढी काळी रेघ. ती चीर असेल. गंज असेल. मुशीचं तेल असेल. पुसून पाहावं म्हणून फडकं घेतलं आणि ठेवून दिलं. पुसलं तर कळेल, किंवा होतं नव्हतं तेही जाईल.

मामांनी जेवताना विषय काढला. "फुटलली होती म्हणान सांग. कोणी बघूक नाय. बायकांका वाटात, ह्येनी आपल्याक वाचवल्यान. तुझा नाव ऱ्हवात. हिराबाईचाय ऱ्हवात."

"आणि फुटलेली नसेल तर?"

"नसात तर कोणाचा काय गेला?"

खरंच, कोणाचं काय जाईल? ढाकूचं जाईल. तो खोटा पडेल. आणि काल त्याने सांगितलं ते कदाचित खरं होतं.

दुपारी ढाकू आलाच. बाहेरच उभा राहिला. आज बायका बसने गेल्या. कंडक्टरने ओल्या पाट्या घेतल्या नाहीत, निम्म्या जणी घरी परतल्या. दोघी म्हणतात, गाडी दुसऱ्याकडे न्या. एक म्हणते, गाडीच विका. "वयनी त्यांना काय बोलनार ते तुज्यावर हाय. फुटली होती का?"

तुकडे माझ्या टेबलावर होते, कागदाखाली. मी म्हणालो, "उद्या येऊन सांगतो."

"हो का नाय, येवडंच ना? त्याला उद्या कशाला?"

तो गेल्यावर मामा नवीन नळीचं तोंड फुलवायचं हत्यार मागून आणायला घाटकोपरला गेले. बुधवारपर्यंत गाडी तयार होईल. ते काम अवघड नाही. दोघांनी केलं तर.

सुमतीला सगळं सांगितलं. तिने मामांचाही विचार ऐकून घेतला. मग विचारलं, "तुम्हांला काय असायला हवं आहे? फुटलेली, की धड?"

फुटलेली असेल तर मी तीन दिवस अकरा जणींना मरायला पाठवत होतो, आणि तिसऱ्या दिवशी वाचवलं. धड असेल तर पाठवत नव्हतो, आणि त्यांचा रविवार, सोमवार फुकट घालवला, शिवाय धड नळी स्वतःच्या हाताने मोडली. तासभर विचार केला. मला कोणती हवी आहे ते सांगता येत नाही. आणि कोणती होती तेही.

"माहीत नाही" हे हिराबाई अकरा जणींना कसं सांगणार? मी ते त्यांच्या तोंडी कसं घालणार?

उद्या: सकाळी आठला वेसाव्याला जाणे. दोन्ही तुकडे बरोबर नेणे, न पुसता.